कुंताबाईचे मोह आणि सरकारी फुकणी

मित्रांनो, मी एक जुना ब्लोअर आहे. दप्तरासारखा पाठीवर अडकवायचा, पेट्रोलवर चालणारा आणि एका लांब नळीतून वारा सोडणारा. माझा रंग एके काळी नारिंगी होता. आता तो कोणता आहे हे सांगणे कठीण; धूर, धूळ आणि मोहफुलांचा रस यांनी मिळून माझ्यावर जो थर चढवला आहे, त्याला रंगांच्या यादीत नाव नाही. मला सहा उन्हाळे झाले. माणसांत हे वय शाळेत पहिले पाऊल टाकण्याचे. यंत्रांत मात्र कोपऱ्यात बसून आठवण्याचे. आठवायला माझ्यापाशी पुष्कळ आहे आणि त्यातले बहुतेक चांगले आहे, म्हणूनच सांगायला बसलो.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला, तिथे वारा नव्हता. पुढे मला या गोष्टीचे फार नवल वाटले. ज्याने आयुष्यभर वारा वाहायचा, त्याला जिथे घडवले त्या खोलीला एकही खिडकी नव्हती. मग खोक्यातला अंधार, ट्रकचे हादरे, गडचिरोलीच्या एका गोदामातले काही आठवडे, आणि शेवटी एटापल्लीकडे जाणाऱ्या जीपची मागची बाजू. जंगलाच्या कडेला चिचटोला नावाचे गाव आहे. तिथल्या वननाक्यावर माझे खोके उघडले गेले, आणि उजेडाबरोबर पहिल्यांदा जे आत आले ते होते वाळलेल्या गवताचे एक पाते.

चिचटोल्याच्या पश्चिमेला गवताचा विस्तीर्ण माळ आहे. गाव त्याला कुरण म्हणते. कुसळी, पवन्या, तिखाडी अशी गवते तिथे माणसाच्या छातीपर्यंत वाढतात. मधेच एखादा पळस, एखादा ऐन, आणि कडेने मोहाची झाडे. पावसाळ्यात हे कुरण हिरवे असते, दिवाळीला सोनेरी होते, आणि माघ उलटला की त्याच्यातला शेवटचा ओलावा निघून जातो. तेव्हा वारा सुटला की ते सळसळत नाही, कुजबुजते. एखादे वाक्य तोंडावर येऊन थांबावे तसे ते कुरण उन्हाळाभर एका ठिणगीजवळ थांबलेले असते.

माझे खोके उघडणारी मंजुषा नावाची वनरक्षक होती. चंद्रपूरकडची, नुकतीच रुजू झालेली, आणि नियम पाठ असलेली. तिच्याबरोबर दोघे जण होते. लटारू हा वनमजूर. मला पाठीवर घेणे हे पुढे त्याचेच काम झाले. आणि डोमा हा अंगारी. उन्हाळाभर आगीवर नजर ठेवणाऱ्या माणसाला इकडे अंगारी म्हणतात. डोमाचे केस पिकले होते आणि पायांच्या नडग्यांवर जुन्या भाजण्याचे डाग होते. आग कुठे आहे हे तो वासावरून सांगे, आणि ती उद्या कुठे असेल हे वाऱ्यावरून.

लटारूने माझी दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मी गरजलो, आणि नाक्यापुढचा सगळा पाचोळा उडून रस्त्यापलीकडे गेला. पाण्याची गुंडी घेऊन चाललेली एक बाई थांबली. साठीच्या आसपासची, बारीक, ताठ मानेची. तिचे नाव कुंता.

"हे का होय?" तिने विचारले.

"आग विझवाची मशीन होय, बाई. वारा सोडते," लटारू म्हणाला.

"वाऱ्यानं आग विझते? माह्या चुलीजवळची फुकणी त आग पेटवते. सरकारची फुकणी उलटी चालते का?"

"सरकारचं सगळंच उलटं चालते, कुंताबाई," डोमा म्हणाला, आणि मंजुषाला हसू आवरता आवरेना.

त्या दिवसापासून गावात माझे नाव सरकारी फुकणी पडले. माझ्यावर छापलेले कंपनीचे नाव कोणी कधी वाचले नाही.

माझे मुख्य काम जाळरेषेचे. कुरण आणि जंगल यांच्या मधून एक रुंद पट्टा काढतात, त्यातले गवत कापतात, थंडी असतानाच सांभाळून जाळतात, आणि मग पानगळ सुरू झाली की तिथला पाचोळा पुन्हा पुन्हा झाडून टाकावा लागतो. दहा माणसांचे दिवसभराचे काम मी एका सकाळी करत असे. आग त्या रेषेपर्यंत येते, पुढे खायला काही दिसत नाही, आणि उपाशी बसते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळ्या रेषा स्वच्छ झाल्या पाहिजेत, असा दंडक आहे. कारण तिथून पुढे आगीचे दिवस.

पहिल्याच उन्हाळ्यात लटारूने आणि मी मिळून एक घोटाळा केला. कुरणाच्या टोकाला छोटी आग लागली होती. लटारू जळून गेलेल्या बाजूला उभा राहिला, कारण तिथे सुरक्षित वाटत होते, आणि त्याने माझे तोंड ज्वाळेकडे वळवले. मी सगळ्या ताकदीने वारा सोडला. आग विझली नाही. उठून पळत सुटली.

"अबे लटारू," डोमा पलीकडून ओरडला, "आग विझवून राह्यला का तिची वरात काढून राह्यला? इकडं ये, गवताच्या आंगानं उभा राह्य, अन् तिले मागं लोट."

आग सांजेआधी आटोक्यात आली. पण मला त्या दिवशी स्वतःविषयी एक गोष्ट कळली, आणि ती मी विसरलो नाही. मी चांगला नव्हतो, वाईटही नव्हतो. मी वारा होतो. मला पाठीवर घेणारा कोणत्या बाजूला उभा आहे, यावर माझा सगळा स्वभाव ठरत होता.

मित्रांनो, कुरणातली आग आपोआप लागते असे तुम्हाला कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नका. सहा उन्हाळ्यांत मी पाहिलेल्या प्रत्येक आगीच्या मागे, शोधले तर, एक माणूस होता. कोणी गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून काडी लावतो. कोणाला तेंदूला नवी पालवी हवी असते. कोणाच्या बोटांतून जळती बिडी निसटते. आणि सर्वांत जास्त आगी लागतात त्या मोहासाठी.

मोहाचे फूल पहाटे गळते. मार्चच्या मध्यापासून पुढचा महिनाभर झाडाखाली फिकट, रसाळ फुलांचा सडा पडतो. पण त्याच दिवसांत मोहाची पानेही गळालेली असतात, आणि त्या पाचोळ्यात फूल हरवते. म्हणून फुले यायच्या आधी झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायचा, ही इकडची पिढ्यानपिढ्यांची रीत. भुई काळी होते, फूल उठून दिसते, वेचणारीची कंबर वाचते.

कुंताबाईचे पाच मोह होते. कुरणाच्या कडेला, ओळीत. जंगलातल्या मोहाला कुंपण नसते, तरी कोणते झाड कोणाचे हे सगळ्या गावाला ठाऊक असते. लग्न होऊन आली त्या साली सासूने तिला हात धरून एकेक झाड दाखवले होते. त्या दिवसापासून ती झाडे तिची. त्यांतल्या सर्वांत मोठ्याला ती थोरला म्हणे. दर साली आग लावताना ती काळजी घेई. पहाटेचा शांत वारा पाहायची, हिरवी डहाळी हाताशी ठेवायची, गुंडीभर पाणी जवळ असायचे, आणि धूर थांबल्याशिवाय ती हलायची नाही.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिने हे सगळे केले. भुईवर पाणी शिंपडले, पायाने निखारे चाचपले आणि घरी गेली. तिने भुई पाहिली. झाड पाहिले नाही. दरवर्षीच्या आगीने थोरल्याच्या बुंध्याला पश्चिमेकडून एक पोकळ ढोली पडली होती. वाळक्या लाकडाच्या त्या ढोलीत एक निखारा शिरून बसला होता. दुपारी वारा उठला. ढोलीने चुलीच्या धुराड्यासारखा श्वास घेतला, आणि निखारा कुरणात सांडला.

आग तीन दिवस चालली. मी, लटारू, डोमा, मंजुषा आणि गावातली तीसेक माणसे. उन्हाळ्यातल्या आगीची तऱ्हा वेगळी असते. ती गवतावर थांबत नाही. जमिनीतले किडे, टिटवीची अंडी, झाडांची रोपे, पावसाच्या पाण्याला धरून ठेवणारा पाचोळ्याचा थर, सगळे घेऊन जाते. एक चितळी जळलेल्या भुईवर एक पाय उचलून बराच वेळ उभी होती. ठेवायला गार जागा तिला सापडत नव्हती. तिसऱ्या दिवशी थोरला पडला. त्याचा आवाज माझ्या आवाजाहून मोठा होता, आणि त्यानंतरची शांतताही.

कुंताबाई स्वतः मंजुषापुढे येऊन उभी राहिली. "मीच लावली," ती म्हणाली. तिचा जबाब झाला, कार्यालयातून समज मिळाली. त्याने ती वाकली नाही. तिला वेगळीच गोष्ट खात होती. काही दिवसांनी ती नाक्यावर आली आणि डोमाच्या बाजूला बसली.

"डोमाभाऊ, पाच होते, चार राह्यले. कुरणाची अख्खी कड पायानं फिरून आली मी. मोहाचं एक नवं झाड दिसलं नाई. जन्मात पाह्यलंच नाई म्हणा ना. आता आहेत हे पडले का मंग?"

डोमाने उत्तर पावसाळ्यापर्यंत राखून ठेवले.

आषाढात एके सकाळी तो तिला थोरल्याच्या जागी घेऊन गेला. जाळरेषेवर कापून टाकलेले गवत उडवायला लटारू निघाला होता, म्हणून मीही त्याच्या पाठीवर होतो. पडलेल्या खोडाच्या आसपास, काळ्या मातीतून, वीतभर उंचीचे तांबूस कोंब वर आले होते. एकूण सात. कुंताबाई उकिडवी बसली आणि तिने एका पानाला बोट लावले.

"मोहाचे होत?"

"मोहाचेच. टोरीतली बी पडून कवा तरी रुजलेले."

"नवे आहेत."

डोमाने बोटांनी एका कोंबाच्या बुडाची माती उकरली. खाली मनगटाएवढे जाड मूळ होते, गाठीगाठींचे, ठिकठिकाणी जळालेले.

"नवे नाईत, कुंताबाई. हे मूळ पाह्य. वीस-पंचवीस साल झाले असतीन याले. दर पावसाळ्यात हे उठते, दर उन्हाळ्यात आपण याले जाळतो. गवताचं तसं नाई, गवताचा जीव जमिनीत राह्यते, आग गेली का ते पुन्हा हासते. पण झाडाच्या पोराले आगीच्या डोक्यावर जावं लागते. एकदा माणसाच्या डोक्यावर गेलं, साल जाड झाली, का मंग आग त्याचं काई बिघडवत नाई. याईले तेवढी सवडच आपण कवा देली नाई."

मला वाटते, कुंताबाईच्या मनात तेव्हा वीस-पंचवीस पहाटा एकामागून एक पेटत होत्या.

"किती साल लागतीन?" शेवटी तिने विचारले.

"चार उन्हाळे. या आंगाले चार उन्हाळे आग नको."

तर मित्रांनो, यापुढची माझी गोष्ट म्हणजे त्या चार उन्हाळ्यांची गोष्ट आहे. सात कोंब, एक बाई, आणि तिला हवे असलेले मोहाचे एक तरी नवे झाड.

मंजुषाने आधी शपथच घेतली, की या कुरणात पुन्हा ठिणगी पडू देणार नाही. डोमाने तिला समजावले. आग मुळीच नको म्हटले, तर गवत साठत जाते, आणि साठलेल्या गवतात एखाद्या एप्रिलला लागलेली आग कोणाला आवरत नाही. त्यापेक्षा जानेवारीत, दव असताना, पश्चिमेचे काही तुकडे आपणच जाळावेत आणि काही राखावेत. पुढल्या साली तुकडे बदलावेत. "थंडीतली आग शेळीवाणी चरते, मॅडम," तो म्हणाला. "एप्रिलची आग रानडुकरावाणी येते, मुळासकट उकरते." मंजुषाने वरिष्ठांना तसे लिहिले, त्यांनी तिला दोनदा बोलावले, नकाशा मागवला, आणि अखेर होकार दिला.

आणि मोहाखालच्या पाचोळ्याचे काय? त्यासाठी मी होतो. हे काम कुठल्याही कागदात माझे नव्हते. तरी माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात, मार्चच्या एका पहाटे मंजुषा मला लटारूच्या पाठीवर घेऊन कुंताबाईच्या चार मोहांखाली आली. अर्ध्या तासात भुई आरशासारखी झाली. कुंताबाईने ती सपाट, करडी, न जळलेली माती पाहिली, चपला बाजूला काढल्या आणि तिच्यावरून एकदा चालून पाहिले.

"थंडी आहे," ती म्हणाली. मोहाखालची भुई त्या दिवसांत थंड असते, हे तिला साठाव्या वर्षी कळत होते.

मग बाकीच्या बायकाही आल्या. सुकरीची जीभ गावात सर्वांत तिखट. तीच सर्वांत आधी बोलली. "कुंताचे मोह त आता सरकारी नोकरीले लागले. आमच्या झाडाईनं का पाप केलं, लटारूभाऊ?" त्या साली मी बारा घरांच्या मोहांखाली फिरलो. पाने गळतच राहत, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा फेरी. माझा आवाज अस्वलांना आवडत नसे. तीही पहाटे फुले खायला येत, आणि मी सुरू झालो की कुरकुरत नाल्याकडे निघून जात. त्या उन्हाळ्यात चिचटोल्याच्या कडेने एकही आग लागली नाही. माझे छायाचित्र गडचिरोलीच्या एका वर्तमानपत्रात आले. लटारूचा अर्धा चेहरा कापला गेला होता, मी मात्र पूर्ण होतो. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

आणि मग चौथा उन्हाळा आला.

लटारू चांगला माणूस होता, पण माझ्या हवेच्या गाळणीकडे त्याने दोन वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. ज्याच्यातून मी श्वास घेतो, तो स्पंजचा लहानसा तुकडा धुळीने दगडासारखा झाला होता. मोह गळायला लागण्याच्या ऐन पहिल्या पहाटे, कुंताबाईच्या झाडाखाली, त्याने दोरी ओढली आणि मी खोकलो. पुन्हा ओढली, मी गप्प. चाळीस वेळा तरी ओढली असेल. त्याच्या तळहाताचे सालटे गेले.

"प्लग गेला वाटते," तो म्हणाला. "एटापल्लीले जाऊन आणतो. दोन-तीन दिवस लागतीन."

"तीन दिवसांत मोह काई थांबून राह्यते का?" सुकरी म्हणाली. "वरात दारात अन् बँड बंद. बरं झालं, आमचा भरवसा नव्हताच."

लटारूने मला मोहाखालच्या मांडवात ठेवले. फुलांची राखण करायला कुंताबाईने चार खांबांवर पाने टाकून तो उभारला होता. लटारू गेला. वरून फुले पडतच होती. एकेक, टप्प, टप्प, आणि घोटाभर पाचोळ्यात नाहीशी होत होती. कुंताबाई गुडघ्यांवर बसून पाने चाळू लागली. तिची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. अर्धी पहाट गेली तरी टोपलीचे बूड दिसत होते.

"एक काडी," सुकरी हळूच म्हणाली. वारा नव्हता, ही गोष्ट खरी होती. "दोन मिंटं लागतीन. आपण दोघी उभ्या राहू."

कुंताबाईच्या कमरेच्या पिशवीत चुलीसाठीची काड्यापेटी होती. तिने ती काढली. काडी ओढली. मी तिथे होतो, माझ्या पोटात एका कुरणाला पुरेल इतका वारा होता, आणि मला एक फुंकर घालता येत नव्हती. मित्रांनो, यंत्राचे दुःख कोणते असे कोणी विचारले, तर मी त्या क्षणाकडे बोट दाखवीन.

दहा पावलांवर ते सात कोंब उभे होते. आता गुडघ्याएवढे. कुंताबाईने त्यांच्याकडे पाहिले, जळत्या काडीकडे पाहिले. काडी बोटांपर्यंत आली तेव्हा तिने ती फुंकून विझवली, चुरगळली, आणि पदराला हात पुसले.

"सुकरी, घरून खराटा आण."

"इतकं मोठं आंगण झाडाले मी का तुह्यी सून होय?"

"सून नको होऊ, सवत समज. पण खराटा आण."

सुकरी गेली, आणि खराटे घेऊन आली. दोन. त्या दिवशी त्यांनी दोन मोहांखालचे झाडले. दुसऱ्या दिवशी चौघी होत्या, तिसऱ्या दिवशी सहा जणी. एकीच्या झाडाखालचे झाले की दुसरीच्या. पाचोळा ढकलत ढकलत त्या सात कोंबांच्या भोवतीही जाऊन पोहोचल्या आणि तिथे वीस पावलांचे एक स्वच्छ खळे तयार झाले. मला थोडा मत्सर वाटला. मी अर्ध्या तासात केले असते, असे मनात आले. पण माझ्या गर्जनेत कोणाला कोणाशी बोलता येत नसे, आणि त्या सगळ्या झाडताना इतके हसत होत्या, की मला माझ्या बिघाडाचा राग धरवेना.

त्याच तिसऱ्या दुपारी डोंगराच्या अंगाने धूर दिसला. कोणाची काडी, कोणाची बिडी, ते कधी कळले नाही. मंजुषाच्या मोबाईलवर आगीचा संदेश येण्याआधी डोमा निघाला होता. आग कुरणात शिरली आणि थेट पूर्वेकडे, मोहांच्या ओळीकडे धावली. पण वाटेत जानेवारीत जाळलेले तुकडे होते. तिथे आता वीतभर कोवळे, ओले गवत होते. आग तिथे अडली, दोन भागांत फुटली, तिची उंची निम्मी झाली. एक भाग जाळरेषेवर जाऊन बसला. दुसरा पळसांच्या कडेने वळला आणि कोंबांच्या दिशेने आला.

सहाही जणी ऐनाच्या हिरव्या डहाळ्या घेऊन उभ्या राहिल्या. सुकरी सर्वांत पुढे होती, आणि आगीला तिने ज्या शिव्या दिल्या त्या मला इथे सांगता येणार नाहीत. डोमा मागून सांगत होता, कुठे मारायचे, कुठे नुसते थांबायचे. आग झाडलेल्या भुईच्या कडेपर्यंत आली. तिथे तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग ती वाकली, लहान झाली, आणि मातीवर निजली. एक लोळ तेवढा वाऱ्याने आत फेकला गेला. त्याने कडेचा एक कोंब नेला.

सात होते, सहा राहिले. कुंताबाईने ते मोजले, खाली बसली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या डोळ्यांत पाणी दिसले. ते धुराचे होते असे तिने सुकरीला सांगितले. सुकरीने ते मानून घेतले.

एटापल्लीहून आलेल्या नव्या प्लगने मी सुरू झालो नाही. मंजुषाने माझे झाकण उघडून ती गाळणी बाहेर काढली, पाण्यात धुतली, उन्हात वाळवली, परत बसवली. पहिल्याच झटक्याला मी बोललो. लटारू दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हता, जरी मला नजर नाही. पुढे तो दर शनिवारी गाळणी धूत असे.

पाचवा आणि सहावा उन्हाळा मी काम केले, पण पूर्वीसारखे नाही. माझी ताकद उतरली आहे. नाक्यावर माझ्यापेक्षा हलका, नवा ब्लोअर आला, आणि मी भिंतीकडच्या जागेवर गेलो. तिथे एक पाल माझ्या नळीत राहते. बायका आता मोहाखाली खराटेच चालवतात. नव्या यंत्राला जाळरेषेवर पुरेसे काम असते. मला विसरले, अशी तक्रार मी करू शकलो असतो. पण शनिवारी लटारू येतो, झाकण उघडतो, धूळ झटकतो, गावातल्या चार गोष्टी बडबडतो. इतके पुरते.

या जानेवारीत मला शेवटचे बाहेर नेले. चार उन्हाळे पूर्ण झाले होते, आणि पश्चिमेचा तुकडा जाळायची पाळी होती. नवे यंत्र दुसरीकडे गेले होते, म्हणून जोडीला मी. सकाळचे दव इतके होते, की लटारूची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. डोमाचे गुडघे आता दुखतात. त्याने मशालीचे पेटते टोक कुंताबाईपुढे धरले.

"मी नाई," ती म्हणाली. "माह्या हातची आग मले माहीत आहे."

"म्हणूनच तुले देतो. ज्याले माहीत नाई त्याच्या हाती कोण देईन?"

तिने मशाल घेतली. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, डोमा दाखवेल तिथे, ती गवताला टेकवत गेली. आग घोट्याएवढी उठली आणि सावकाश चालू लागली. तिच्यापुढून टोळ उडत होते, मागून कोतवाल पक्षी ते टिपत होते. ऊन चढण्याआधी ती जाळरेषेपाशी येऊन संपली. मला कोणी सुरू केले नाही. लटारूच्या पाठीवर बसून मी फक्त पाहिले.

मग सगळे मोहांकडे गेले. सहा रोपे होती. सर्वांत उंच रोपाच्या शेंड्यापर्यंत मंजुषाने टाचा उचलून हात वर केला, तरी तो पोहोचला नाही. कुंताबाईने तिच्याबरोबर खराटा चालवणाऱ्या पाचही बायकांना बोलावून घेतले होते. सासूने सुनेला दाखवावीत तशी तिने एकेकीचा हात धरून एकेक रोप दाखवले. हे तुझे. हे तुझे. सुकरीला तिने सर्वांत उंच दिले, आणि सुकरीने लगेच त्याच्या बुडाशी पडलेली चार पाने हाताने बाजूला केली. पाच रोपे झाली. सहावे राहिले.

"अन् हे तुले?" सुकरीने विचारले.

"माह्ये चार आहेत. हे कोणाचंच नाई. राहू दे."

"कोणाचंच नाई, त याच्याखाली झाडंन कोण?"

"सगळ्या," कुंताबाई म्हणाली.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. तुमच्या गावाच्या कडेलाही असे एखादे कोणाचेच नसलेले झाड उभे असेल. पुढल्या फाल्गुनात, काडी ओढण्याचा मोह होण्याआधी, त्याच्या बुडाशी एकदा खराटा फिरवून या.